आंधळं सोनं

तिला सगळे सोनारीण म्हणायचे. अंगावर म्हणाल तर सोन्याची कणीसुद्धा नाही. प्रयोगशाळेत अंगठी-बांगडी चालत नाही, त्यामुळे नोकरीला लागली त्या दिवशी जे उतरवलं ते पंचवीस वर्षं कपाटात पडून होतं. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, असं लोकांनी म्हणायच्या आत ती स्वतःच म्हणून टाकायची, आणि तेही इतक्या कोरड्या चेहऱ्याने की नव्या माणसाला हसावं की नाही तेच कळायचं नाही.

ती लागली होती बाटल्या धुवायला. बाटल्या धुता धुता बघत राहिली, बघता बघता शिकली, आणि सोन्याचं पाणी करणारा आधीचा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हिला ते त्याच्यापेक्षा बरं येतं. काम ऐकायला सोपं. काचेच्या चंबूत सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळायला ठेवायचं, खदखदायला लागलं की लिंबातल्या आम्लाचा क्षार एका दमात ओतायचा आणि बघत राहायचं. पिवळा रंग जातो, पाणी क्षणभर नितळ होतं, मग काळपट, मग जांभळट, आणि एकदम डाळिंबाच्या रसासारखं लाल. ते लाल म्हणजेच सोनं. इतकं बारीक झालेलं, की एका केसाच्या जाडीत हजारो कण ओळीने बसतील. चंबूत कसलीशी घाण राहिली किंवा ओतताना हात अडखळला, की कण एकमेकांना चिकटतात, पाणी निळं पडतं आणि सगळं वाया. इतरांचं तिनातलं एक निळं पडायचं. सोनारणीचं पडायचं नाही. बाई म्हणायच्या, हिला हातगुण आहे.

हातगुण म्हणजे ऐकायला मोठी गोड गोष्ट. ज्याला असतो त्याला विचारा.

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट बघायची होती. पेशीच्या गाभ्यात जी मूळ पोथी असते तिच्यातला एकेक उतारा उतरवून घेतला जातो आणि तो निरोप बनून पेशीभर हिंडतो. त्याच्यावरून पेशी ठरवते आज काय करायचं. पेशी मारून, रंगवून, काचेवर चिकटवली की तो निरोप कुणालाही बघता येतो. बाईंना तो जिवंत पेशीत बघायचा होता, चालताबोलता. त्यासाठी सोनारणीचं सोनं. सोन्याच्या कणाला बारीक धागे लावायचे आणि धाग्याच्या टोकाला एक इवलासा दिवा. धागा दुमडलेला असतो, म्हणून दिवा सोन्याला चिकटून बसतो, आणि सोन्याजवळ दिवा विझलेला राहतो. धाग्याला त्याचा निरोप भेटला की धागा उलगडतो, दिवा सोन्यापासून लांब जातो आणि पेटतो. दिवा दिसला, म्हणजे निरोप तिथे आहे.

हे झालं डोळस सोनं. त्याच्या जोडीला दर वेळी आंधळंही करायचं. तेच सोनं, तोच दिवा, तोच लाल रंग, फक्त धागा निरर्थक अक्षरांचा, म्हणजे पेशीत त्याला ओळखीचं कुणी भेटणारच नाही. आंधळं कधी पेटायला नको. पेटलंच, तर समजायचं की आपलं डोळसही खोटं बोलतंय.

खोली तळमजल्यावर होती. खिडकी नाही, कारण उजेडाने ते दिवे मरतात. दारं दोन, एकापुढे एक. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडत नाही, आणि दोन्हींच्या मधे एका माणसाने जेमतेम उभं राहावं एवढी जागा. तिथे झगा चढवायचा, टोपी घालायची, पायांवर पिशव्या बांधायच्या, मग आत. आत हवा गाळून येते, तिला वास नाही. बाहेर ऊन आहे की चिखल, हे सोनारणीला दोन दारांच्या मधे काढून ठेवलेल्या बुटांवरून कळायचं. आणि त्या खोलीत पेशी. पेशी म्हणजे तान्हं बाळ, असं लोक कौतुकाने म्हणतात. अहो, बाळ निदान मोठं तरी होतं! पेशींचं पाणी दिवसाआड बदला, दाटी झाली की अर्ध्या दुसऱ्या बशीत घाला, आणि हे जन्मभर. सासूच्या आजारपणात ती एकदा चार दिवस दुसऱ्याच्या भरवशावर गेली होती. परत आली तर निम्म्या बश्यांत बुरशी. तेव्हापासून तिने गावाबाहेर सलग दीड दिवसाच्या वर मुक्काम केला नव्हता.

नवरा दुसऱ्या गावी होता. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर त्याची नेमणूक झाली, बसने दहा तासांवर, आणि ती नेमणूक होऊन अकरा वर्षं झाली होती. दर तीन महिन्यांनी तो यायचा. परक्या माणसाला आत सोडत नाहीत, म्हणून तिचं काम संपेपर्यंत फाटकाजवळच्या बाकावर बसून राहायचा. पहारेकरी त्याला बाकावरचे साहेब म्हणायचा. मुलगा दोन गावांत वाढला, शाळा आईकडे, सुट्टी बापाकडे. मोठा झाला आणि नोकरीसाठी तिसऱ्याच गावी गेला. तीन माणसांची तीन घरं झाली आणि तीन कुलपं.

सोडा म्हणून तिने चार वेळा अर्ज केला. बाई वाईट असत्या तर सोपं झालं असतं. भांडली असती आणि निघून गेली असती. पण बाई चारही वेळा तिला शेजारी बसवून घ्यायच्या, चहा मागवायच्या, आणि तू गेलीस तर माझं सगळं निळं पडेल गं, म्हणायच्या. एवढं म्हटलं की ही उठायची आणि आत जाऊन झगा चढवायची. घरी गेल्यावर स्वतःवर चिडायची. आपण चहाच्या एका कपाला विकले गेलो, असं तिने नवऱ्याला एकदा फोनवर सांगितलं आणि मग दोघंही हसले.

पाचव्या वेळी मात्र योग जुळून आला. नवऱ्याच्या गावच्या इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात जागा निघाली आणि तिचं नाव पक्कं झालं. पहिल्या तारखेला हजर व्हायचं, सोबत इथलं कार्यमुक्तीचं पत्र आणायचं. पत्र नसेल तर जागा दुसऱ्याला. यावेळी बाईही अडून बसल्या नाहीत. कामाला पैसे देणाऱ्या संस्थेने दिलेल्या मुदतीचं शेवटचं वर्ष होतं. या खेपेचे फोटो स्पष्ट आले की अहवाल जाईल, आणि अहवाल गेला की तू मोकळी, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

फोटो आले, आणि काय आले म्हणता! नऊ दिवस रोज नवी बशी, आणि रोज काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके, पेशीपेशीत, ठसठशीत. बाई पडद्यासमोरून उठेनात. आंधळ्या सोन्याचेही फोटो सोबत लागतात, ते गेल्या वर्षीचे होते, काळेकुट्ट, अगदी हवे तसे. तेच जोडू या, बाई म्हणाल्या. गेल्या वर्षीचे फोटो सोनं घातल्यावर तासाभरात काढलेले होते आणि हे नवे दुसऱ्या दिवशी, एवढा फरक होता. तो कुणी बोलून दाखवला नाही. सोमवारी बाईंनी पत्रावर सही केली. सोपवलेले काम पूर्ण झाल्याने कार्यमुक्त करण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. सोनारणीने ते दोनदा वाचलं, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि दुपारभर उगाचच पर्स चाचपत राहिली.

मंगळवारी ती जाण्याआधीची यादी करायला बसली. कुठे काय ठेवलंय, कुठल्या बाटलीत काय आहे. तिच्या बाटल्यांच्या बुडाला काचेवर आकडे कोरलेले असायचे आणि वहीत ते टिपलेले. या खेपेला सात नंबर डोळस, बारा नंबर आंधळं. तिने फ्रीजमधून दोन्ही काढल्या, सवयीने उलट्या करून बघितल्या, आणि पुन्हा सरळ करून झाकणं बघितली.

नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी एकच मंत्र द्यायची. झाकणावर खूण करू नका, बाटलीच्या पोटावर करा. झाकणं फिरतात, पोटं फिरत नाहीत. पण बाटली आत नेताना दर वेळी स्पिरिटने पुसावी लागते आणि पोटावरची शाई पुसून जाते. म्हणून ती स्वतः, सगळ्यांना शहाणपण शिकवणारी, कंटाळून झाकणांवर नखपॉलिशचा ठिपका द्यायला लागली होती. लाल म्हणजे डोळस, पांढरा म्हणजे आंधळं. आणि आता लाल ठिपक्याचं झाकण बारा नंबरवर होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

कधी झालं असेल, हे तिला शोधावं लागलं नाही. दोन्ही बाटल्या उघड्या होत्या, झाकणं शेजारी शेजारी, आणि बाहेरून कुणीतरी सांगत आलं की तुझ्या नवऱ्याचा फोन आहे. जागा पक्की झाल्याचा तोच फोन. ती बोलून आली ती तरंगतच, आणि तरंगत तरंगत झाकणं लावून टाकली.

म्हणजे नऊ दिवस पेशींना आंधळं सोनं घातलं गेलं होतं. आणि आंधळं सोनं पेटलं होतं.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. दोन बश्या घेतल्या, एकीत सात नंबर, दुसरीत बारा नंबर, आणि बुधवारी सकाळी त्या घेऊन भिंगकाकांकडे गेली. भिंगकाका सूक्ष्मदर्शक सांभाळायचे, तिच्याहून जुने, अंधाऱ्या खोलीत बसून बसून बोलणं विसरलेले. त्यांनी पहिली बशी लावली, हिरवे ठिपके. दुसरी लावली, तेच ठिपके. मग ते न विचारता बाजूला सरकले आणि तिला बघायला दिलं. ठिपके हलत होते, पण पेशीभर हिंडत नव्हते. प्रत्येक ठिपका एका गोल कडेच्या आत होता. कडेपर्यंत जायचा आणि मागे यायचा. ती बराच वेळ बघत राहिली.

काकांनी समजावून सांगितलं, दोन वर्षांत मिळून बोलले नसतील तेवढं एका दमात. पेशी भोळी नसते. बाहेरचं काही आलं की ती त्याला पिशवीत गुंडाळून आत घेते. सोनं त्या पिशवीतच अडकलंय, बाहेर एकही कण आलेला नाही. पिशवीत पाचक रस असतो, तो धागे कुरतडतो, दिवा तुटून सोन्यापासून लांब जातो आणि पेटतो. तासाभरात कुरतडून होत नाही, म्हणून गेल्या वर्षी अंधार होता. निरोपाशी त्या उजेडाचा काही संबंध नाही. डोळस असो नाहीतर आंधळं, आत गेलेलं सगळंच पिशवीत.

तुम्हाला हे कधी कळलं, असं तिने विचारलं. पहिले ठिपके दिसले त्याच दिवशी, ते म्हणाले. मला कुणी विचारलं नाही, माझं काम भिंग लावायचं. आणि आता तूही बोलू नकोस. पत्र हातात आहे, निघून जा. मग पुढे काय, तिने विचारलं. पुढे काय व्हायचंय, ते म्हणाले, दुसऱ्या कुठल्यातरी गावात कुणीतरी हा अहवाल वाचेल, तसंच करायला जाईल, जमणार नाही, आपल्याच हातांना दोष देत दोन-चार वर्षं घालवेल.

"कान सोनारानेच टोचावेत म्हणतात," काका म्हणाले, "पण टोचलेच पाहिजेत असं कुठे म्हटलंय?"

विनोद चांगला होता. तिला हसू आलं नाही.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी आपलंच सांगत होता, कपाटाचे वरचे दोन खण रिकामे केले, स्वयंपाकघराला रंग दिला. मग ऐकत गेला. पाण्यातला माणूस, त्याला फार समजवावं लागलं नाही.

"पाण्यात काही सापडलं तर मी नळ बंद करतो आणि गावाला सांगतो," तो शेवटी म्हणाला. "ते मला कळतं. पण हे पाणी कुणी पिणार नाहीये. अकरा वर्षं झाली गं. तू ये."

तिला तेच ऐकायचं होतं, आणि ते ऐकल्यावर तिला त्याचा भयंकर राग आला. झाकणांचा आला, काकांचा आला, बाईंच्या चहाचा आला. सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा. सांगावं तर काम पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे सोनं पुन्हा तिनेच करायचं, आणि जागा गेली. न सांगावं तर पहिल्या तारखेला सकाळी नवऱ्याच्या हातचा चहा, आणि कुठेतरी कुणी अनोळखी माणूस चंबूपुढे बसून स्वतःला मूर्ख ठरवणार. इकडे आड, तिकडे विहीर. आडात पडलं तरी ओलं आणि विहिरीत पडलं तरी ओलं, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

गुरुवारी ती बाईंच्या दारापर्यंत गेली आणि स्पिरिट संपलंय एवढं सांगून परत आली. शुक्रवारी पुन्हा गेली, तर बाई कुणाला तरी ते हिरवे फोटो दाखवत होत्या, आणि तिला आत बोलावून म्हणाल्या की हे सगळं हिच्या हातगुणाने. परत येऊन तिने बारा नंबरची बाटली उघडली आणि मोरीवर धरली. ओतली असती तर पुरावा गेला असता. वहीतला आकडा बदलायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं ती तशी उभी राहिली. आंधळं असलं तरी सोनं सुरेख लाल उतरलं होतं, आणि चांगलं सोनं तिने आजवर कधी फेकलं नव्हतं. तिने झाकण लावलं. बाटली फ्रीजमध्ये परत ठेवली.

अहवाल सोमवारी जायचा होता. शनिवारी बाई त्याचं शेवटचं वाचन करत असताना सोनारीण आत आली. तिने दोन्ही बाटल्या टेबलावर उलट्या ठेवल्या, बुडाचे आकडे वर, आणि वही उघडून शेजारी ठेवली.

"बाई, झाकणं बदलली गेली माझ्याकडून," ती म्हणाली. "नऊ दिवस मी तुम्हाला आंधळं सोनं दिलं. सगळे दिवे खोटे आहेत."

बाईंनी आधी वही बघितली, मग बाटल्या, मग तिच्याकडे. कुणाकुणाला सांगितलंस, असं विचारलं. काकांनी बघितलंय, ती म्हणाली. बाई उठल्या, काकांच्या खोलीत गेल्या आणि तासभर बाहेर आल्या नाहीत. इथे बाईंना द्यायचं ते श्रेय दिलंच पाहिजे. दुसरं कुणी असतं तर काकांना गप्प बसवलं असतं आणि हिला पहिल्या गाडीने रवाना केलं असतं. बाई परत आल्या त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या होऊन, खुर्चीत बसल्या, आणि सोनारणीच्या समोरच पैसे देणाऱ्या संस्थेला फोन करून अहवाल येणार नाही म्हणून कळवलं. एक वर्ष वाढवून द्या, म्हणाल्या. पलीकडच्याने वाढवून दिलं असावं, कारण बाईंनी दोनदा आभार मानले.

फोन ठेवल्यावर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सोनारणीचा हात हातात घेतला.

"दुसरी कुणीही असती तर गप्प बसून निघून गेली असती," त्या म्हणाल्या. "तू नाही गेलीस. आता तूच सांग, अशा माणसाला मी कशी सोडू?"

मनापासून म्हणाल्या, हीच पंचाईत. सोनारणीने पर्स उघडली आणि पत्र काढलं. बाई, सही झालीय, असं तिला म्हणायचं होतं. एवढंच वाक्य ती जिन्यावरून येताना पाठ करत आली होती. बाईंनी पत्र घेतलं, चष्मा लावला आणि हळू आवाजात वाचलं, सोपवलेले काम पूर्ण झाल्याने. तिथेच थांबल्या. पुढचं वाचलं नाही, फाडलं नाही, परत दिलं असंही नाही. टेबलावर दोघींच्या मधे ठेवून दिलं. सही खरी होती, शिक्का खरा होता, हात पुढे करून उचललं असतं तर बाईंनी अडवलं नसतं. काम पूर्ण झालेलं नाही हे मात्र त्या खोलीत तिनेच नुकतं सांगितलं होतं. सोनारणीने पर्स बंद केली. पत्र तिथेच राहिलं. बाईंनी बेल वाजवून दोन चहा मागवले आणि तिने तो प्यायलासुद्धा.

संध्याकाळी तिने फाटकाजवळच्या त्याच बाकावर बसून नवऱ्याला फोन लावला. काय झालं ते तिने सरळ सांगितलं, किती दिवस तेही सांगितलं, निदान एक वर्ष, आणि इस्पितळातली जागा तर पहिल्या तारखेनंतर राहणार नाही. तो ऐकत होता. त्याच्या मागे कुठेतरी पंप चालू असल्याचा आवाज येत होता.

"मी तुला ये म्हटलं होतं," तो म्हणाला. रागाने नाही.

"हो."

"ऐकलं नाहीस."

"ऐकलं हो. म्हणून तर सांगायला तीन दिवस लागले."

त्याच्या मागचा पंप बंद झाला. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.